रिकामी पेटी घेऊन मैंदर्गीला

‘मैंदर्गी म्हणजे नेमकं कुठं आलं हो, बाई?’ असं आमच्या बोर्डिंगातल्या मुलींपासून चर्चच्या मंडळीच्या पंचांपर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालं आहे. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्याचा कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकते. मैंदर्गी सोलापूरच्या पलीकडे, अक्कलकोटच्याही पलीकडे आहे. तिथं अर्धं गाव मराठी बोलतं, अर्धं कानडी, आणि उरलेलं अर्धं दोन्ही मिसळून बोलतं. हिशेब चुकला हे मला ठाऊक आहे. तिथं गेल्यावर तुमचाही चुकेल.

आमच्या नगरची माणसं तिकडे सहसा जात नाहीत. मी गेले ती माझ्या धाकट्या बहिणीला, मार्थाला, कायमची घरी घेऊन यायला. तिचे यजमान शमुवेल मास्तर तिथं मिशनची लहानशी शाळा चालवत. गावात आणखी दोन ख्रिस्ती कुटुंबं होती, पण गिरणीत काम लागलं म्हणून ती सोलापूरला गेली. मग दोन वर्षांपूर्वी मास्तर तापानं वारले. मार्थाला मूलबाळ नाही. शाळा ती एकटी पुढं रेटत राहिली, आणि आता त्या गावात ख्रिस्ताचं नाव घेणारं माणूस म्हणजे ती एकटी. मी लिहायची, ‘निघून ये.’ ती लिहायची, ‘बघू.’ शेवटी नाताळच्या सुटीत मुली आपापल्या घरी गेल्या तशी मी उठले आणि निघाले. तिचं सामान भरायला म्हणून एक मोठी पत्र्याची पेटी रिकामीच बरोबर घेतली. हुकूम सोडण्यात जन्म गेलेल्या बाईला, समोरचं माणूस ‘नाही’ म्हणेल हे कुठून सुचणार!

मार्थाला आधार हवा, असं मी निघताना सर्वांना सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मलाही ती हवी होती. या उन्हाळ्यात माझी मेट्रनची नोकरी संपते आहे. मी लग्न केलं नाही. बोर्डिंगच्या दोन खोल्या सोडून पेठेत कुठंतरी बिऱ्हाड करायचं आहे. मुलींच्या गलक्यात झोपायची सवय झालेल्या बाईला शांत घराची कल्पना करून पाहायला सांगा, म्हणजे माझी झोप का उडाली होती ते कळेल. दोघी बहिणी एकत्र राहू, हा बेत मी मनात पक्का करून टाकला होता. मार्थाला विचारायचं तेवढं बाकी होतं.

सोलापूर

सोलापुरात उतरले तेव्हा गिरण्यांचे भोंगे होत होते. एक संपला की दुसरा. आमच्याकडे सकाळ कोंबड्यानं होते, इथं वाफेनं होते. टांगेवाल्यानं माझी पेटी उचलली आणि तोल जाऊन मागंच सरकला. जड असेल म्हणून त्यानं जोर लावला होता.

‘‘क्या बाई, इत्ती बडी पेटी, और अंदर कुछ बी नै?’’

‘‘आणायला चालले आहे,’’ मी म्हटलं.

‘‘हौ, तो जाते वखत भरके लाव,’’ तो म्हणाला आणि घोड्याला सांगावं तसं मला ‘‘बैठो, बैठो,’’ म्हणाला.

एक रात्र सलोमीकडे काढली. ही आमच्या बोर्डिंगातली जुनी मुलगी. नवरा गिरणीत आहे. तिच्या आळीत दोन्ही बाजूंना तेलुगू बोलणारे विणकर. घराघरांतून मागाची खटखट अशी सतत चालते, की बोलताना आपोआप आवाज चढतो. सलोमी लहानपणी इतकं हळू बोलायची, की मी तिला त्याबद्दल रागवत असे. आता ती बाजारभर ऐकू जाईल अशी बोलते. तिनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली. ती भाकरी मी आपल्या बाजरीच्या भाकरीसारखी घडी करायला गेले आणि तिचे तुकडे सलोमीच्या नवऱ्याच्या ताटापर्यंत उडाले. ती मोडून, चुरून, दह्याबरोबर खायची असते. चटणी मात्र अशी, की मी लाज सोडून दोनदा मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाजारात मैदा, खोबरं, पिठीसाखर घेतली. मार्थाकडे एक तरी नाताळ रीतसर व्हायला हवा, असं मी ठरवलं होतं. माझ्या करंज्यांचं नाव आमच्या मंडळीत अजून निघतं, हे इथं नम्रपणे नमूद करते.

अक्कलकोट रोडपासून पुढे

होटगीला गाडी थांबली. विजापूरकडे जाणारी माणसं उतरली, नवी चढली, आणि तिथून पुढं डब्यात मराठी निम्मीच राहिली. अक्कलकोट रोड स्टेशनवर मला न्यायला बैलगाडी आली होती. गाडीवान म्हणजे बसप्पा, मार्थाच्या शेजारणीचा, गंगव्वाचा, मुलगा. घरची शेती आणि थोडा शेंगांचा व्यापार. लिंगायत माणसं. बसप्पा बोलका. काळी रानं, कमरेइतका शाळू, मधून करडईचे काटेरी पट्टे, सगळं तो मला आपलंच असल्यासारखं दाखवत होता. आमच्या नगरकडे माळ दिसला की लगेच डोंगर दिसतो. इथं नजर जाते ती जातच राहते, तिला टेकायला काही नाही. मला ते पाहून उगीच मार्थाची कीव आली.

‘‘मास्तरीणबाईस्नी भेटाया आलाय व्हय?’’ बसप्पानं विचारलं.

‘‘न्यायला आले आहे.’’

‘‘म्हंजी कायमचं?’’

‘‘कायमचं.’’

त्यानंतर गाव येईपर्यंत तो बैलांशीच बोलला, आणि तेही कानडीतून.

दारात एक उंच, सडपातळ म्हातारी उभी होती. ‘‘बर्री, अक्का, बर्री,’’ म्हणजे या, या, असं म्हणत तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. ही गंगव्वा. तिच्या मागून मार्था धावत आली. वाळली होती, केस पांढरे झाले होते, पण हसली ती लहानपणी हसायची तशीच. गंगव्वा तिला ‘मार्तव्वा’ म्हणते. इथं बाईच्या नावाला अव्वा जोडल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मी आत जाऊन घर पाहिलं. शाळेची एक खोली, राहायची एक, चूल, आणि गंगव्वाच्या घराला लागून मातीची भिंत. एवढ्या घरातलं सामान भरायला ती पेटी फारच मोठी होती.

दिवेलागणीला प्रार्थनेला बसलो. आमच्या घरची रीत अशी, की पवित्र शास्त्राचा अध्याय उघडायचा आणि सगळ्यांनी ओळीनं एकेक वचन मोठ्यानं वाचायचं. मार्थानं पहिलं वचन वाचलं आणि ती थांबली. माझी पाळी समजून मी दुसरं वाचलं. तिनं अशी दचकून मान वर केली, की मला वाटलं दारात कुणी आलं.

‘‘काय झालं?’’

‘‘काही नाही, ताई. ते वचन त्यांचं होतं.’’

मास्तर गेल्यापासून ती आपलं वचन वाचते, त्यांच्या वचनापुरती गप्प बसते, मग पुढचं आपलं वाचते. मला ते ऐकून कसंसंच झालं, आणि कसंसं झालं की माझ्या तोंडून तुसडं काहीतरी निघतं. मी म्हटलं, ‘‘अग, म्हणजे अर्धाच अध्याय कानावर पडतो की तुझ्या!’’

‘‘दुसऱ्या दिवशी तोच अध्याय मी दुसऱ्या वचनापासून सुरू करते,’’ मार्था म्हणाली. ‘‘म्हणजे पुरा होतो.’’

पुढच्या दिवसांत मी तिसरं वचन वाचत गेले. पहिलं तिचं, दुसरं मास्तरांचं, तिसरं माझं. पण त्या पहिल्या संध्याकाळी मनाशी एवढंच म्हटलं, की या बाईला इथून जितकी लवकर हलवू तितकं बरं.

नाताळ

घंटा नाही, मंडळी नाही, नवे कपडे घालून एकमेकींना पाहणाऱ्या बायका नाहीत. असा नाताळ मी जन्मात पाहिला नव्हता. मार्थानं शाळेची खोली सारवली, तरट अंथरलं, आणि आम्ही दोघींनी उपासना केली. गायला बसलो तेव्हा तिचा आवाज ऐकून मी चकित झाले. लहानपणी ती माझ्या आवाजामागं लपून गायची. आता एकटीनं खोली भरून टाकते.

आदल्या दिवशी मी करंज्या तळून ठेवल्या होत्या. उपासना झाल्यावर मार्था एका आजारी पोरीला पाहायला गेली. मी ताटलीत करंज्या घेतल्या, वर रुमाल टाकला आणि ऐटीत गंगव्वाच्या दारात गेले. ती त्या वेळी भिंतीकडे तोंड करून, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून, पूजा करत बसली होती. आजूबाजूला कुणी नाही, आवाज नाही. आपण जमल्याशिवाय आपल्याला उपासना झाल्यासारखं वाटत नाही, आणि यांचा देव प्रत्येकाच्या गळ्यात निराळा. मी उंबऱ्याबाहेर थांबले. पूजा आटोपून तिनं ताटली दोन्ही हातांनी घेतली, पदर सावरला आणि म्हणाली, ‘‘लई केलंसा की, अक्का! कशाला एवडा तरास?’’ मी अभिमानानं फुगून परत आले.

दुपारी परसात भांडी घासायला गेले. मधल्या कुंपणातून गंगव्वाची गाय दिसत होती. तिच्या पुढ्यात माझ्या करंज्या होत्या. शेवटची तिच्या तोंडात होती.

मी मार्थाला गाठलं तेव्हा माझे हात राखेनं भरलेले होते. ‘‘ही तुझी शेजारीण? मी घाम गाळून तळलेलं गुरापुढं टाकते? आणि तोंडावर लई केलंसा म्हणते?’’

मार्थानं आधी मला बसवलं. मग म्हणाली, ‘‘तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. आपल्या हातचं शिजलेलं ते खात नाहीत, ताई. मी नाताळाला तिला कोरडा शिधा देते. तीळ, गूळ, शेंगदाणे. ती तिकडे लाडू वळते, मी इकडे वळते. झाले की ती भिंतीवर थाप मारते आणि दोघी आपापल्या घरात खायला बसतो.’’

‘‘आणि करंज्या?’’

‘‘त्या तिला खाता येईनात आणि टाकवेनात. म्हणून गाईला घातल्या. तिच्या घरातला रोजचा पहिला घास तिथंच जातो.’’

‘‘म्हणजे मी आभार मानायचे का?’’

‘‘नाही,’’ मार्था म्हणाली. ‘‘वाईट वाटून घ्यायचं. मलाही पहिल्यांदा फार वाटलं होतं. पण ती फसवत नव्हती एवढं लक्षात ठेवायचं.’’

संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. मी म्हटलं, ‘‘मार्था, ज्या गावात तुझ्या ताटातला घास कुणी घेत नाही, तिथं तू कशाच्या जोरावर राहतेस? आणि प्रार्थनेच्या असं सांगू नकोस. प्रार्थना मीही करते.’’

मार्था म्हणाली, ‘‘प्रार्थनेच्याच जोरावर. पण तुला वाटतं तसं नाही. सुरुवातीला मी प्रार्थना करायची, डोळे उघडायची, आणि खोली तेवढीच रिकामी असायची. मग मी रुसले. प्रार्थनाच सोडली. त्यानं घर आणखी मोठं झालं. बोलायला माणूस नाही, म्हणून एक दिवस देवाशी भांडायला लागले. मोठमोठ्यानं. तुझ्याच कामाला आलो होतो की आम्ही, मग यांना का नेलंस, आणि नेलंस ते नेलंस, मला इथं कुणाच्या भरवशावर टाकलंस? असं रोज. चूल पेटवताना, शाळा झाडताना. आणि भांडता भांडता एक दिवस लक्षात आलं, की इतकं भांडते आहे म्हणजे समोर कुणीतरी ऐकतं आहे. नाहीतर माणूस दमून गप्प बसतं.’’

‘‘आणि मग एकटं वाटायचं थांबलं?’’

‘‘कुठलं थांबायला! रोज वाटतं. आजही सकाळी वाटलं, तू शेजारी होतीस तरी. क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत प्रभूनं आपल्या शिष्यांना जागं राहायला सांगितलं होतं, आणि ती झोपली. त्याला ठाऊक आहे कसं वाटतं ते. मला तेवढं पुरतं.’’ मग ती हसली. ‘‘कधी कधी पुरत नाही. तेव्हा मी गंगव्वाकडे जाऊन बसते.’’

अशा वेळी मुलींना सांगायला माझ्याकडे पुष्कळ बोध असतो, पण तो लहान मुलींपुरताच आहे.

येळ अमावास्या

नाताळानंतर लगेच अमावास्या आली. तिला इथं येळ अमावास्या म्हणतात, आणि त्या दिवशी गावात चूल पेटलेली राहत नाही. सारं गाव अन्न शिजवून रानात जेवायला जातं. आम्हालाही गंगव्वाचं बोलावणं होतं. मी जायला तयार नव्हते, करंज्या अजून मनात होत्या. पण मार्था म्हणाली, ‘‘घरी बसलीस तर तिला वाटेल मीच तुला काही सांगितलं.’’ म्हणून निघाले.

रान मात्र पाहून घ्यावं असं होतं. शाळूच्या मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची झोपडी, तिला ते कोप म्हणतात. आत पाच दगड चुन्यानं रंगवून, वर शाल पांघरून मांडलेले. बायका डोक्यावरून दुरड्या आणि मडकी घेऊन येत होत्या. मडक्यात ताकातली आंबील, दुरडीत बाजरीचे वाफवलेले उंडे, आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळायची भजी नव्हेत. पावटा, हरभरा, तूर, चिंच, सगळ्या पालेभाज्या आणि बेसन असं मिळून घट्ट शिजवतात, आणि ती प्रत्येक घरची वेगळी लागते म्हणे. आपल्याकडे सुगी झाली की ख्रिस्ती देवळात पहिलं पीक आणतात. इथं पीक उभं असतानाच त्याच्या पायाशी जेवायला जातात.

पूजेची तयारी चालली होती. मी आणि मार्था बांधावर बसलो. जवळ जायचं नाही हे मला आता कळलं होतं, आणि कळलं म्हणून काही कमी बोचत नव्हतं. तेवढ्यात गंगव्वानं भज्जीच्या भांड्याचं झाकण काढलं आणि पळीनं दोन पत्रावळींवर वाढायला लागली. अजून नैवेद्य व्हायचा होता.

बसप्पा धावतच आला. ‘‘अव्वा! काय करालीस? यंदा बी देवाच्या आदी?’’

‘‘मार्तव्वाचं काडालो.’’

‘‘नैवेद्य होऊ दे की!’’

‘‘नैवेद्य झाल्यावर तिला चालत न्हाय. देवाला दावलेलं ती खात न्हाय, तिचा नेम हाय. मग उपाशी जाऊ दे व्हय लेकीला रानातनं?’’ ती त्याच्याकडे न पाहताच बोलत होती. ‘‘देव थांबतोय. त्याला काय घाई न्हाय.’’

बसप्पा दगडांकडे पाहत उभा राहिला, मग मान हलवून गेला. गंगव्वानं पत्रावळी आणून आमच्यापुढं जरा अंतरावर ठेवल्या. मी मार्थाकडे पाहिलं.

‘‘दर वर्षी?’’

‘‘दर वर्षी,’’ मार्था म्हणाली. ‘‘पहिल्या वर्षी मी नको म्हटलं, नेम सांगितला. दुसऱ्या वर्षापासून ती आधी काढून ठेवते. तिच्या सासरच्यांशी तिचं यावरून भांडण झालं होतं.’’

करंज्या न खाल्ल्याचा राग घेऊन मी त्या बांधावर बसले होते. त्यांच्या देवापुढचं अन्न आम्हीही घेत नव्हतो, हे मात्र माझ्या मनाला शिवलंही नव्हतं. त्या बाईनं त्याचा राग धरला नव्हता. आपल्या देवाला थांबवून तिनं माझ्या बहिणीला वाढलं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते भज्जीतल्या चिंचेवर ढकललं.

पूजा झाली, पुरुषांनी आंबील रानात शिंपडली, पंगती बसल्या. मग गंगव्वा आपलं ताट घेऊन बांधावर आली आणि आमच्यापासून हात लांबवला तर पोचणार नाही एवढ्या अंतरावर बसली. खाता खाता म्हणाली, ‘‘अक्का, मार्तव्वाला नेणार म्हनं तुमी.’’

‘‘तसं मनात आहे.’’

‘‘न्या की. भन हाय तुमची. आमी कोन नको म्हननार?’’ तिनं उंडा मोडला. ‘‘घरात सुना हायत, नातवंडं हायत, काय कमी न्हाय. पर मालक गेल्यापास्नं पूजंत मला म्होरं बसवत न्हाईत. मी बी बांधावरचीच. मास्तर गेलं तवापास्नं आमी दोगी हितं जेवतो. पुडच्या येळंला मी हितं कुनासंगं जेवू, तेवडं तुमी सांगून जावा.’’

मी आजवर पुष्कळ माणसांना पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत. तिला मी भज्जी चांगली झाल्याचं सांगितलं. तेही खरंच होतं.

परत

त्या संध्याकाळी मार्थानंच विषय काढला. ‘‘ताई, पेटी भरायची का?’’

‘‘तू सांग.’’

‘‘तू आलीस त्या दिवशी मला हाताला धरून गाडीत बसवलं असतंस तर आले असते. नाताळाच्या आधी मला फार वाईट दिवस गेले. पण आता विचारतेस तर सांगते. नगरला आले तर मी तुझी विधवा बहीण होईन. सगळे चांगलंच वागतील. इथं मी कुणाची तरी मास्तरीण आहे, कुणाची तरी शेजारीण आहे. मला देवानं एकटं ठेवलं असेल, पण बिनकामाचं नाही ठेवलं.’’

मला ते पटलं. पटलं म्हणूनच राग आला, आणि रागात जे कधी कुणाला बोलले नव्हते ते तोंडातून गेलं. ‘‘मग माझं काय? मी त्या घरात एकटी काय करू?’’

लहानपणापासून मार्थानं मला मोठी म्हणूनच पाहिलं होतं. ती उठून आली, माझ्या शेजारी बसली आणि माझा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. ‘‘कधी बोलली नाहीस,’’ एवढंच म्हणाली. मी रडले. चांगली रडले. पलीकडून गंगव्वानं भिंतीवर थाप मारून काय झालं म्हणून विचारलं, आणि मार्थानं कानडीत काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

निघायच्या दिवशी पेटी गंगव्वानं भरली. शेंगा, ज्वारी, तीळ, सगळं कोरडं. ‘‘तुमी घरी करून खावा, मी हितं करून खाईन,’’ म्हणाली. मार्था मला पोचवायला अक्कलकोट रोडपर्यंत आली. बसप्पा आता पुन्हा बोलका झाला होता.

आमच्या बोर्डिंगात मुलगी शाळा संपवून निघाली, की फाटकापाशी मेट्रननं तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची असते. मी किती मुलींच्या डोक्यावर हात ठेवला असेल, देव जाणे. माझ्या डोक्यावर कुणी ठेवावा, असं मात्र कधी घडलं नाही. मेट्रन कुठं निघून जाते! फलाटावर गाडी दिसायला लागली, तेव्हा मार्थानं पायांतल्या चपला काढल्या, टाचा उंचावल्या, कारण मी तिच्याहून उंच आहे, आणि दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. सगळ्या हमालांसमोर, पानवाल्यासमोर. मी ‘अग, लोक बघताहेत’ म्हणणार होते. तोवर तिनं सुरुवात केली होती.

‘‘हे प्रभू, ही माझी ताई. हिनं पुष्कळ मुलींना वाटेला लावलं. आज हिला निरोप द्यायला मीच आहे. हिला एकटं राहायची भीती वाटते. ते ती तुला सांगणार नाही, म्हणून मी सांगते...’’

गाडी आली, थांबली. माणसं उतरली, चढली. बसप्पानं पेटी आत ढकलली, मग मलाही ढकललं. प्रार्थना आखडती घेणं मार्थाच्या स्वभावात नाही. मी डब्यात चढले तरी ती तिथंच अनवाणी उभी होती, डोळे मिटलेले, रिकामे हात तसेच पुढं धरलेले. गार्डानं शिट्टी दिली आणि गाडी हलली.

‘‘...हिचं नवं घर अजून आम्ही कुणी पाहिलं नाही,’’ मार्था देवाला सांगत होती. ‘‘तू आमच्या आधी तिथं राहायला जा. हिला दार उघडायला तू अस.’’

मी खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर वाकले आणि अख्खा डबा वळून पाहील एवढ्या मोठ्यानं ओरडले, ‘‘आमेन!’’